गैरसमजाशिवायची प्रेमकथा

प्रेमकादंबरी लिहायचं ठरलं तेव्हा आधी मी एक तक्ता केला. डाव्या बाजूला शाळेपासून वाचलेल्या प्रेमकथा, उजव्या बाजूला एकाच प्रश्नाचं उत्तर: दोघं एकमेकांना आवडतात हे वाचकाला विसाव्या पानावर कळतं, मग त्यांचं जमायला दोनशेवं पान का उजाडतं? जात, पैसा, आजारी वडील, परदेशची नोकरी ही कारणं होतीच. पण तक्ता भरत गेला तसं दिसलं की बहुतेक ठिकाणी कुणीतरी कुणालातरी सरळ विचारलेलं नाही. ती त्याला बागेत दुसऱ्या कुणाबरोबर बघते, काही न बोलता मावशीच्या गावी निघून जाते, आणि पुढची कितीतरी पानं तो तिला स्टेशनांवर शोधत हिंडतो.

माझी नायिका असं करणार नव्हती. ती जागच्या जागी विचारणार होती, "ही कोण?" केतकी ऑटिस्टिक आहे. न सांगितलेलं ओळखणं तिला जमत नाही आणि न विचारता राहणंही जमत नाही. आम्ही सगळ्याच अशा असतो असं नाही. बऱ्याच जणींना लहानपणी इतकं ऐकून घ्यावं लागतं की पुढे त्या तोंडच उघडत नाहीत; मी त्यातलीच. केतकीला मात्र मी बोलती ठेवली, थोडी स्वतःच्या हौसेखातर.

आम्ही बडोद्याचे. पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत आले ते इथेच राहिले. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि भांडण झालं की दोन्ही. माझं निदान झालं ते पस्तिशी ओलांडल्यावर. त्याआधी बरीच वर्षं चिंतेवरची औषधं चालू होती, आणि ती थोडीफार लागूही पडत होती. निदानाच्या वेळी आईला शेजारी बसवून माझं बालपण विचारलं गेलं. आपल्याकडे यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा जास्त आली की ऑटिझम. त्यातले बरेच मुद्दे लहान मुलांकडे बघून केलेले. ऑफिसातून परस्पर आलेल्या, मांडीवर डबा घेऊन बसलेल्या बाईला ते लावताना मानसशास्त्रज्ञ बाईंनाही हसू येत होतं. आई मात्र एकेका प्रश्नाला "अहो, हे तर सगळेच करतात" म्हणत होती. परतताना रिक्षात म्हणाली, "मग हे मलाही असेल की गं." ही ओळ मी जशीच्या तशी केतकीच्या आईला दिली.

'ऑटिझम' हा शब्द मी पहिल्याच पानावर ठेवला. ही विचित्र मुलगी अशी का वागते, असं कोडं घालायचं आणि शेवटी डॉक्टरांच्या तोंडून ते सोडवायचं, हा प्रकार मला वाचक म्हणूनच सहन होत नाही. माणूस म्हणजे निकालाची वाट बघत ठेवलेलं पाकीट नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि केतकीकडे प्रमाणपत्रही आहे. पहिल्या प्रकरणात ती ते लग्नाच्या बायोडेटाला टाचते, कारण खाली 'इतर माहिती' असा रकाना आहे आणि ही इतर माहिती आहे. आई ती टाचणी काढते. केतकी परत लावते. कादंबरी तिथून सुरू होते.

सगळ्यात आधी लिहून झालं ते कांदेपोह्यांचं प्रकरण, आणि पुढच्या खर्ड्यांत सगळ्यात कमी बदललं तेही हेच. वाचणाऱ्याची अपेक्षा असते की अशी मुलगी तिथे घोळ घालणार, ट्रे सांडणार, नको ते बोलून बसणार. माझा अनुभव उलटा आहे. बघण्याच्या कार्यक्रमाइतकी आधीच लिहून ठेवलेली दुसरी बैठक आपल्या समाजात नाही. कोण कुठे बसणार, पोहे कधी येणार, "स्वयंपाकाची आवड आहे का" हे कोण विचारणार आणि "हल्ली मुलींना वेळ कुठे असतो" हे कोण म्हणणार, सगळं ठरलेलं. केतकी तालीम करते, समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बघते, म्हणजे त्याला डोळ्यांत बघितल्यासारखं वाटतं, आणि दिवेलागणीच्या आत होकाराचा फोन येतो. मग ती दोन दिवस पडदे ओढून पडून राहते. आईला कळत नाही, पसंती आली तर ही रडते का. पसंती आली होती तालमीतल्या मुलीला, आणि ती मुलगी जन्मभर वठवायची ताकद केतकीत नव्हती.

त्या कार्यक्रमात एकदाच संहिता सुटते. मोठी माणसं "जा, दोघं जरा गच्चीवर बोलून या" म्हणतात, आणि गच्चीवर मुलगा म्हणतो, "काहीही बोल, मला फॉर्मल आवडत नाही." 'काहीही' बोलायचं कसं ते केतकीला माहीत नाही. ती मगरींवर बोलते.

विश्वामित्री आमच्या शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, हे बाहेरच्या माणसाला थाप वाटतं. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या. केतकीला त्यांच्याबद्दल जे जे वाचण्याजोगं आहे ते पाठ आहे. अंडी किती उष्णतेत उबली यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. पिल्लं आतून आवाज करायला लागली की आई घरटं उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. आणि आपल्याकडच्या या जातीत नरालाही पिल्लं पाण्यात नेताना बघितलं गेलं आहे. चेन्नईजवळच्या मगर-केंद्रातली ही नोंद आहे. गच्चीवरचा मुलगा "इंटरेस्टिंग" म्हणून मोबाइल बघतो. केतकीचा नकार एका ओळीचा आहे: "त्यानं पुढचं काही विचारलं नाही."

पुण्याच्या ज्या प्रकाशनाकडे मी पहिली प्रकरणं पाठवली तिथल्या संपादकांना मगरी खटकल्या. फोनवर म्हणाले, "मॅडम, मगरींऐवजी गणित घेतलं तर? म्हणजे असं की, लोक तिला वेडी समजतात आणि ती आकड्यांत एकदम बुद्धिमान निघते. वाचकाला काहीतरी आधार लागतो हो." मी म्हटलं, केतकी एका औषधांच्या वितरकाकडे बिलं तपासते आणि तिचे आकडे चारचौघींइतकेच चुकतात. मला हा सौदा मान्यच नाही: मुलगी वेगळी आहे ना, मग भरपाई म्हणून ती असामान्य हवी. साधारण बुद्धीच्या, साधारण पगाराच्या ऑटिस्टिक बाईवरही कुणाचं प्रेम बसू शकतं, एवढंच माझं मागणं होतं. संपादक सभ्य गृहस्थ आहेत. मगरी राहिल्या.

कादंबरीचा नायक निनाद साउंडवाला आहे. आवाज सहन न होणाऱ्या मुलीला साउंडवालाच का, असं सगळ्यांनी विचारलं. एक तर मला तो विनोद सोडवेना, आणि दुसरं म्हणजे बडोद्यात राहून नवरात्रापासून लांब पळणारी नायिका मला खोटी वाटली असती. २०२३ मध्ये युनेस्कोनं गरब्याला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं, पण इथल्या मुलीला त्याचं काय अप्रूप, ती चालायला लागते तीच वर्तुळात. केतकीलाही गरबा मनापासून आवडतो. पावलं ठरलेली, दिशा ठरलेली, आणि शेजारी कोण आहे त्याच्याशी बोलावं लागत नाही. नकोसा असतो तो स्पीकर.

हे प्रकरण लिहायला मी ओळखीच्या एका साउंडवाल्याकडे वही घेऊन बसले, आणि कादंबरीच्या सगळ्या कामात मला सर्वात मजा इथे आली. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजवरचा ढोल १०० मीटरवरच्या फेरीला साधारण तीन दशांश सेकंद उशिरा पोचतो. मैदानात मध्ये जे स्पीकरचे टॉवर असतात त्यांचा आवाज म्हणून यंत्रात तेवढाच थोपवून मग सोडतात, नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. बहुतेकांना हे जाणवतही नाही. केतकीला जाणवतं. तिला तो दुसरा ठोका दातात लागतो. कानात बोळे, डोक्यावर ओढणी, अशी ती गर्दीतून वाट काढत मिक्सरपाशी जाते आणि म्हणते, "तुमचा डाव्या बाजूचा टॉवर लवकर वाजतोय." निनाद आधी मदतनिसाकडे बघतो, मग यंत्राकडे, आणि म्हणतो, "बरोबर." ही त्यांची पहिली भेट.

नंतर तो तिला मैदानाचा नकाशा काढून देतो. वहीच्या पानावर स्टेज, टॉवर, प्रसादाचा मंडप, आणि जागोजागी डेसिबलचे आकडे. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो. स्पीकरच्या पाठीमागे तर तो आणखी कमी. एका कोपऱ्यात त्यानं गोल करून लिहिलंय, 'इथे नाच. इथे ढोल एकदाच लागेल.' खाली वेळ: रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालवायला वर्षातून मोजक्याच रात्री सूट असते आणि तीही बारापर्यंत, म्हणून 'बारा वाजता मी मोकळा'. आमच्या शेजारी मराठीचे निवृत्त प्राध्यापक राहतात, त्यांनी हे वाचून विचारलं, "यात काव्य कुठे आहे?" मी म्हटलं, सर, हे प्रेमपत्र आहे. ते अजून मान हलवतात. मला त्या आकड्यांहून जास्त काव्य सुचलं नाही, आणि सुचवायचंही नव्हतं.

मग आलं ते प्रकरण, ज्याच्यासाठी तो तक्ता केला होता. निनाद कमाटीबागेत फुलांच्या घड्याळापाशी एका मुलीबरोबर हसत उभा आहे. केतकी समोरून येते.

"ही कोण?"

"चुलतबहीण. आणंदहून आलीय."

"बरं."

संपादकांचा दुसऱ्या दिवशी फोन. "अहो मॅडम, इथे पन्नास पानं निघाली असती!" त्यांचं खरं होतं, आणि माझ्यापुढे खराच प्रश्न उभा राहिला. गैरसमज तीन ओळींत संपला, आता कादंबरी कशावर उभी राहणार? जवळजवळ एक पावसाळा मी त्यावर अडून बसले. नायकाला अपघात, नायिकेची बदली, जुन्या प्रेयसीचं पत्र, सगळं लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी केतकी एक प्रश्न विचारून मोकळी व्हायची.

वाट सापडली ती निनादच्या घरात. दांडिया बाजारातलं एकत्र कुटुंब, जुना वाडा, दारं फक्त रात्री लागतात. काका, काकू, भाडेकरूंची मुलं, दुपारी उसळ मागायला आलेली शेजारीण, सगळ्यांची ये-जा सरळ शेवटच्या खोलीपर्यंत. पहिल्याच भेटीत केतकी निनादच्या आईला विचारते, "मला दिवसातून दोन तास एक खोली आतून कडी लावून मिळेल का?" त्या म्हणतात, "कडी कशाला गं? इथे कोण खातंय तुला?"

या बाई दुष्ट नाहीत. तसं केलं असतं तर काम फारच सोपं झालं असतं. त्यांच्या उभ्या आयुष्यात भर दुपारी आतून लागलेल्या कडीचे दोनच अर्थ होते, आजार किंवा भांडण. केतकी त्यांना नीट समजावते. त्या नीट ऐकून घेतात. त्या आपली बाजू सांगतात, ती केतकीला पटते. कुणी काही लपवत नाही, कुणी चुकीचं समजत नाही, आणि तरीही कडी लावली की एकीचा श्वास कोंडतो, नाही लावली की दुसरीचा. इथून पुढची शंभर पानं मी भराभर लिहिली. दोन माणसांना एकमेकांचं सगळं कळलेलं असतानाही जे सुटत नाही, ते मला प्रेमकथेत आजवर फारसं वाचायला मिळालं नव्हतं.

पहिला पूर्ण खर्डा इंदूरच्या एका मैत्रिणीला पाठवला. तीही ऑटिस्टिक, आणि वाचक म्हणून खाष्ट. तिचा निरोप आला: "केतकी ठीक. हा निनाद माणूस आहे की माहितीपुस्तिका? याला सगळं पहिल्या फटक्यात कसं कळतं?" डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये मांडलं होतं की न कळणं दोन्हीकडून असतं: आम्हाला इतरांचं कळत नाही तसंच इतरांना आमचंही कळत नाही, फक्त ठपका आमच्यावर येतो. हे मी वाचलेलं होतं. आता ते निनादच्या अंगावर टाकायचं होतं. म्हणून एक आड एक प्रकरण त्याच्या नजरेतून लिहिलं. एका लग्नात बँड, जनरेटर आणि तीन मामा एकदम सुरू झाल्यावर केतकीची वाचा बसते. बोलायचं असतं, शब्द बाहेर येत नाहीत. शटडाऊन म्हणतात ते हे. निनादला वाटतं ती रागावली. तो आपल्या सात चुका मनाशी मोजतो, प्रत्येकीची माफी मागतो, आणि घामाघूम होऊन श्रीखंडाची वाटी पुढे करतो. वाचा परत आल्यावर केतकी म्हणते, "त्यातली चौथी मला माहीत नव्हती." मैत्रीण म्हणाली, आता चालेल.

स्पर्शाची पानं लिहायला मला संकोच वाटला, हे वय आणि हे गाव बघता. पण ती गाळली असती तर कादंबरी बाळबोध झाली असती, आणि आमच्यासारख्यांना ती बाजू नसतेच असं समजणारे लोक आधीच पुष्कळ आहेत. हलका, निसटता स्पर्श केतकीला मुंग्या चढल्यासारखा लागतो. घट्ट धरलेला हात तिला शांत करतो. प्रेमकथांमध्ये बोटं गालावरून हळूच फिरतात, नायिका शहारते आणि वाचक खूश होतो. केतकीही शहारते, पण वेगळ्या कारणानं. म्हणून निनाद विचारतो. हात धरू? असा? अजून घट्ट? संपादक म्हणाले, "विचारून विचारून घेतलेल्या चुंबनात मजा कसली?" मी त्यांना म्हटलं, ती तीन पानं घरी मिसेसना वाचायला द्या. आठवड्यानं फोन आला, आणि त्या पानांविषयी ते परत काही बोलले नाहीत.

शेवटावर मात्र बरेच दिवस घासाघीस झाली. केतकी आणि निनाद लग्न करतात आणि मांजलपूरमध्ये एकाच मजल्यावर समोरासमोरचे दोन छोटे फ्लॅट भाड्यानं घेतात. एकात रोज रात्री जेवण, पाहुणे, त्याची आई आली की दार सताड उघडं. दुसऱ्याला आतून कडी. प्राध्यापकांना हा संसार वाटेना. माझ्या आईचा आक्षेप दोन भाड्यांना होता, आणि तो रास्त असल्यामुळे मी निनादला वर्षभराच्या लग्नसराईची कामं मिळवून दिली. संपादकांची सूचना होती की शेवटच्या पानावर केतकीनं गरब्याच्या मैदानात, सगळ्या स्पीकरांच्या ऐन मधोमध, कानातले बोळे काढून टाकावेत. "प्रेमानं ती बरी झाली, असं वाचकाला वाटलं पाहिजे." मी विचारलं, चष्मा असलेल्या नायिकेचा नंबर प्रेमात पडल्यावर उतरतो का? ते हसले. बोळे राहिले. बदल्यात त्यांनी सासूबाईंसाठी एक जास्तीचं प्रकरण मागितलं, आणि ती सूचना उत्तम होती. त्यात त्या एका दुपारी दुसऱ्या फ्लॅटमध्ये जातात, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कडी लावतात आणि अडीच तास झोपतात. उठल्यावर कुणाला सांगत नाहीत.

सध्या मुद्रितं माझ्याकडे आहेत. मुद्रितशोधकांनी मेहनत केली आहे, थोडी जास्तच. केतकीच्या प्रकरणांत सगळीकडे 'तिनं विचारलं' एवढंच होतं. त्यांनी तिला पुटपुटायला, कुजबुजायला, उद्गारायला लावलंय. मी एकेक परत जागेवर आणतेय. मलपृष्ठावरच्या मजकुरात 'ऑटिझमवर मात करणारी प्रेमकहाणी' असं आलं होतं, त्यावर काट मारून मी लिहिलं: 'बडोद्याची केतकी, साउंडवाला निनाद आणि एका कडीवरून झालेला लांबलचक वाद.' संपादकांचा निरोप आला, अशानं पुस्तक खपणार नाही. मी विचारलं, कशावरून? उत्तर अजून आलेलं नाही. शनिवारपर्यंत आलं नाही तर मुद्रितं याच मजकुरासकट परत पाठवणार आहे.